दवादारूचा विग्रह

डंडीत, हिलटाउनच्या चढावर, माझं औषधांचं दुकान.
साडेनऊला लॅकलन गेडिस येतो.
मी हिरवं मेथाडोन मापून देते,
तो माझ्यासमोर पितो
आणि मग काहीतरी बोलतो. बोलावंच लागतं,
घोट गिळल्याचा तेवढाच पुरावा :
कुत्र्याविषयी, काल हरलेल्या सामन्याविषयी,
टे नदीवरून चढून आलेल्या धुक्याविषयी.

काउंटरमागच्या भिंतीवर सरकारी पत्रक :
'दारू आणि ड्रग्ज. मदत इथे मिळेल.'
अकरा वर्षं झाली. कडा पिवळ्या पडल्या,
मधला शब्द मात्र ताठ,
भाऊबंदकीनंतर घातलेल्या कुंपणासारखा.
अलीकडे दारू : परवाना, पावती, लग्नात उंचावलेला पेला.
पलीकडे ड्रग्ज : अ वर्ग, ब वर्ग, क वर्ग,
शाळेतल्या तुकड्या जशा,
आणि 'क'मधल्यांकडे कोण लक्ष देतं?
माझ्या कपाटातलं, चिठ्ठीवरचं,
ते तर कुंपणाच्या कुठल्याच बाजूला नाही.
त्याचं नावच वेगळं.

एकदा विचारलं, लॅकलन, काही मिसळत नाहीस ना?
त्याला राग आला, खराखुरा.
"मिसळणारे वेगळे, बाई. ते स्टेशनामागचे.
मी हे एवढंच घेतो.
रात्री बिअरचे दोन कॅन, दोनच.
आणि झोप नाही लागली तर आईची एक गोळी,
पण ती डॉक्टरनं दिलेली आहे."

मी मोजलं : तीन.
त्यानं मोजलं : एक.
भिंतीवरच्या कागदाप्रमाणे
त्याचं गणित बरोबर होतं.

कराडला, नववीत, पाटसकर बाई खडू आपटत म्हणायच्या,
विग्रह करा : दवादारू.
मी लिहिलं, दवा आणि दारू.
बाईंनी अर्धा गुण कापला.
"हा समाहार आहे गं. दवा, दारू वगैरे."
वगैरे म्हणजे काय, बाई?
"जे घरात असतं आणि यादीत नसतं, ते."
सगळा वर्ग हसला. मीही हसले,
अर्ध्या गुणाचं दुःख गिळून.

नोव्हेंबरात कौन्सिलची बैठक, नव्या पत्रकाचा मसुदा.
'गैरवापर' खोडून 'वापर' झालं,
'व्यसनी' खोडून 'व्यक्ती'. टाळ्याबिळ्या झाल्या.
मी हात वर केला : तो 'आणि' काढता येईल का?
अध्यक्ष ऑक्टरलोनी फार सौम्य माणूस.
म्हणाले, लोकांचा गोंधळ होईल.
नंतर पबमध्ये त्यांनी पाठदुखीची कोडीनची गोळी
लाल वाइनच्या घोटाबरोबर घेतली
आणि आपुलकीनं विचारलं,
तुम्ही मूळच्या कुठल्या?

जानेवारीतल्या एका मंगळवारी
साडेनऊचा कप तसाच राहिला.
बुधवारीही.

सात आठवड्यांनी त्याची आई आली,
शीला गेडिस, बोटांत न मावणारे हातमोजे घालून.
कागद दाखवला. मृत्यूचं कारण :
तीन नावं, एका ओळीत,
मध्ये स्वल्पविराम,
शेवटी 'यांचा एकत्रित परिणाम'.
इतकं शुद्ध व्याकरण
त्याच्या वाट्याला आधी कधी आलं नव्हतं.

"पण तो मिसळत नव्हता," ती म्हणाली.
"तुम्हाला तर माहीत आहे."

मला माहीत होतं.
मी तिला खुर्ची दिली, आणि पाणी.
पत्रक तिच्या डोक्यामागे होतं,
तिनं वळून पाहू नये असं वाटत राहिलं.

जाताना तिनं झोपेच्या गोळ्यांचं पाकीट पुढे केलं.
आता नकोत म्हणाली, तशीही झोप लागत नाही.
मी मोजल्या. परत आलेल्या औषधांची वही उघडली.
तारीख. नाव. नग, एकोणीस.
पुढचा रकाना : प्रकार.

पेन थोडा वेळ तिथेच थांबलं.
मग मी मराठीत लिहिलं :
वगैरे.

तपासणीला येणाऱ्या माणसानं
अजून तरी विचारलेलं नाही.